पोक्या आणि तीन बहिणी

“घडी घाल म्हणतोय ना मी! प्रोफेसरांनी सही केली, फोरमनने सही केली, सातशे प्रती छापून वाळूनसुद्धा झाल्या, आणि तू आता सांगतेस?”

“आताच सांगणार. माझ्या हातात फर्मा आता आला.”

“तुझं काम घड्या घालायचं आहे.”

“हो. आणि हा मी घालणार नाही.”

मी चुलीपाशी सूपसाठी कांदे परतत होते. पाठमोरी होते, पण वळून बघितलं, कारण सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता आणि राग नसला की प्रकरण लांबतं हे पाच वर्षांत मला कळलं होतं. त्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ओनोरीन तावर्ने या बाईचे हात मांडीवर बसलेले मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते. समोर एकोणिसाव्या फर्म्याचा गठ्ठा, वर त्यांची घडी दाबायची हाडाची पट्टी आडवी टाकलेली. सासरे, आँसेल्म, चर्चमधून येऊन पाऊण तास झाला तरी अंगात कोट तसाच. माझा नवरा सिल्वें पाव कापत होता आणि पावाकडेच बघत होता. तो त्याच छापखान्यात दाबयंत्रावर होता, म्हणजे हे सातशे कागद त्याच्याच हाताखालून गेले होते.

“आई, नक्की चुकलंय काय?” त्याने विचारलं.

“तिसऱ्या बहिणीला पोक नाही.”

बाबा हसले. दाखवायचं हसू. “ऐकलंस? फ्रान्समधले सगळे गणिती संपले. आता आमच्या स्वयंपाकघरात एक उरलीय.”

“मला गणित येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “बहिणी ओळखता येतात.”

हे बोलणं बाहेरच्या माणसाला वेड्यांच्या घरातलं वाटेल. मलाही लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं.

सासूबाईंची आई पुस्तकांच्या घड्या घालायची. त्याच गल्लीत, नदीपासून शंभर पावलांवर, दुसऱ्या मजल्यावर. छापखान्यातून मोठे कागद यायचे, एकेका कागदावर सोळा पानं, काही सरळ काही उलटी. त्यांना तीन घड्या घातल्या की पानं ओळीने लागतात. तो फर्मा. असे तीस-चाळीस फर्मे शिवले की पुस्तक. ओनोरीन सातव्या वर्षी टेबलाशी बसली. छापलेलं वाचायला शिकली ती पानांचे आकडे जुळवता जुळवता. लिहायला शिकली नाही. सही करते, तीही रेखल्यासारखी.

त्यांच्या लहानपणी यंत्रांच्या शास्त्राची पुस्तकं म्हणजे शेवटी चित्रांचा गठ्ठा असायचा. तरफा, कप्प्या, उतारावरून घरंगळणारे गोळे. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली ती लांब चित्रं तीनदा दुमडून शिवायची आणि त्या कामाला वेगळा भाव होता. मग एक साल असं आलं, राजा अजून होता तेव्हा, की यंत्रशास्त्राचं एक भलंमोठं पुस्तक घड्यांना आलं आणि त्याच्या शेवटी काहीच नाही. ओनोरीनची आई छापखान्यात भांडायला गेली. चित्रं दुसरीला दिली असणार! तिथे तिला सांगितलं की या पुस्तकात चित्रंच नाहीत, सगळं अक्षरांत आहे.

“यंत्रांचं पुस्तक आणि यंत्र एकही नाही?” ती ओरडली. “मग काय कुराण आहे का?”

सासूबाई ही गोष्ट सांगताना आईचा आवाज काढायच्या. पण पुढे एक वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणायच्या, “आई रडली, मला मात्र ती पानं आवडली. चित्र एकदा बघितलं की संपतं. या ओळींकडे बघत बसावंसं वाटायचं.”

कारण ओळी तीन-तीनने यायच्या. एक एक्सची, तिच्याखाली तशीच वायची, तिच्याखाली झेडची. तेच अंग, तेच कपडे, फक्त अक्षर बदललेलं. पंधरा वर्षांच्या ओनोरीनने त्यांचं नाव तीन बहिणी ठेवलं. मानेसारख्या वळणाच्या लांब खुणेला ती बगळा म्हणायची. आणि डी दोन होते. एक सरळ उभा. दुसरा ग्रीकांचा, पाठीला बाक असलेला. तो पोक्या.

या दोघांत फरक काय ते तिला आँसेल्मने सांगितलं, पावाच्या रांगेत. क्रांती होऊन गेली होती, राजा नव्हता आणि पावही नव्हता. पहाटेपासून माणसं भट्टीसमोर उभी असायची. हा लांबट मानेचा जुळारी, छापखान्यात खिळे जुळवणारा, तिच्यामागे उभा राहायचा. त्याची भट्टी दुसऱ्या गल्लीत होती हे तिला लग्नानंतर कळलं. एकदा त्याने भिंतीवर खडूने दोन्ही डी काढले. “उभा म्हणजे वस्तू खरोखर सरकली. आता आपण दोघं एक पाऊल पुढे सरकलो ना, तसं. पोक्या म्हणजे आपण फक्त मनात सरकवून बघितलं. समजा मी या बाईच्या पुढे घुसलो असतो तर काय झालं असतं?”

“तिने थोबाडीत दिली असती.”

“झालं. घुसलो नाही, थोबाडीतही बसली नाही, पण थोबाड किती जोरात फुटलं असतं ते कळलं. यंत्रशास्त्र एवढंच आहे.”

हे त्याला एका लेखकाने प्रूफ तपासताना सांगितलं होतं. खरं असावं, त्यानंतर किती प्रोफेसर आमच्या घरी येऊन गेले, कोणी खोडून काढलं नाही. आमच्या घरात मात्र तो बोलण्याचा भाग झाला. सिल्वें चार महिने म्हणत होता की खिडकीची फळी बसवतो. “पोक्याची फळी आहे ती,” सासूबाई म्हणायच्या, “वारा खराच येतो.”

लग्नानंतर छापखान्यात तो जुळवायचा आणि घरी ती घड्या घालायची. त्या दोघांमध्ये या शास्त्राची चाळीस वर्षं गेली. क्रांतीनंतरची पुस्तकं सासूबाई अंगठ्याने ओळखायच्या, कागद गोणपाटासारखा. मग इंजिनेरांच्या नव्या शाळा निघाल्या, गणवेशातली पोरं आली आणि व्याख्यानांचे फर्मे आठवड्याला यायला लागले, शाई ओली असतानाच. मग सम्राटाचे दिवस. ताऱ्यांची गती सांगणारी जाडजूड पुस्तकं, कागद दुधासारखा, पहिल्या पानावर सम्राटाला अर्पण. सम्राट गेला तेव्हा फोरमन धावत आला. ते पान कापा, बदलीचं पान चिकटवा. सासूबाईंनी खळ शिजवली, चारशे पानं कापली. वसंतात सम्राट परत आला. फोरमन पुन्हा धावत आला, जुनी पानं जाळली तर नाहीत ना? त्यांनी ती गादीखाली ठेवली होती. पुन्हा खळ. उन्हाळ्यात सम्राट कायमचा गेला.

“एका पानासाठी तीनदा खळ शिजवली,” त्या म्हणायच्या. “आणि आतल्या ताऱ्यांना पत्ताही नाही.”

अलीकडच्या पुस्तकांवर बाबांचा राग होता. सूत्रं कमी, शब्द फार. ‘समजा’ आणि ‘जोवर’ यांनी पान भरलेलं. “आधीची माणसं सूत्रावर विश्वास ठेवायची,” ते म्हणायचे. “ही नवी मंडळी वेशीवरच्या शिपायासारखी. प्रत्येक बगळ्याला विचारतात, कागदपत्रं दाखव.” सासूबाईंना नवी पुस्तकंही आवडायची. विश्वास ठेवून मग तपासणं त्यांना माणसांच्या बाबतीतही योग्य वाटायचं.

बाबांच्या हातात कसब होतं हे मी सासरे म्हणून सांगत नाही. साधा मजकूर कोणीही जुळवतो. सूत्र जुळवणं म्हणजे शिशाच्या खिळ्यांचं शिंपीकाम. अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, डोक्यावर इवलासा आकडा, मधल्या फटीत कागदाची चिंधी कोंबायची, आणि सगळं उलटं वाचत. अख्ख्या शहरात ते जमणारी दहा-बारा माणसं. मे महिन्यात छापखान्यांच्या संताची मेजवानी होते तेव्हा सूत्रांच्या खणावरचे, म्हणजे सूत्रांच्या खिळ्यांच्या पेटीवरचे, जुळारी मालकाशेजारी बसतात. लिलावाच्या जाहिराती जुळवणारे दाराशी, जिथे बदक पोचेपर्यंत नुसती हाडं उरतात. बाबा बावीस वर्षं मालकाशेजारी बसत होते.

तर त्या रविवारी वाद होता तो ब्रेसोल नावाच्या प्रोफेसरांच्या यंत्रशास्त्राच्या पुस्तकाचा. एकोणिसाव्या फर्म्यात, दोनशे एक्क्याण्णवाव्या पानावर तीन बहिणी होत्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला उभे डी आणि शेवटी एक पोक्या. तिसरीच्या शेवटी पोक्याऐवजी उभाच.

“शुद्धिपत्रात टाकू,” सिल्वें म्हणाला. “शेवटी एक ओळ. पान अमुक, ओळ अमुक.”

“शुद्धिपत्र कोण वाचतं? ज्याने चूक केली तो.” सासूबाईंनी एक कागद उचलला. “शिकणारं पोरगं इथे येणार. त्याला वाटणार, वस्तू खरंच सरकली. ते पुढे त्यावरच गणित करत जाणार आणि कधीतरी पूल बांधणार.”

“तुझ्या एका डीने पूल पडतोय!” बाबा म्हणाले. “चूक आहेच कुठे पण? तुला ताप येऊन गेलाय, डोळ्यांवर येतं तापाने.”

“वाचा मग.”

“काय?”

“तिसरी ओळ. खिडकीशी नेऊन वाचा.”

बाबांनी कागद झटक्यात घेतला. खिडकीशी गेले, हात लांब केला, मग जवळ आणला, आणि चर्चमध्ये वाचावं तसं खणखणीत वाचलं. बगळा, कंस, उभा, आकडा, उभा, कंस पुरा. “आणि शेवटी पोक्या, त्याला लागून झेड. झालं समाधान?”

सिल्वें त्यांच्या खांद्यामागे उभा होता. तो फार हळू म्हणाला, “बाबा, तिथे उभा आहे.”

कांदे करपल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

बाबांनी कागद पुन्हा डोळ्यांशी नेला. नाकाला लागेल इतका. मग त्यांनी बोट फिरवलं, जुळारी खिळ्यावर फिरवतात तसं, पण छापलेल्या शाईला उंचवटा नसतो. त्यांनी वाचलं नव्हतं. तिथे काय असायला हवं ते त्यांना पाठ होतं, एवढंच.

आणि मग मला एकेक गोष्ट उलगडायला लागली. पानगळीपासून सासूबाई त्यांना रोज कच्चं प्रूफ घरी आणायला सांगायच्या. कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला, म्हणे. आमच्या कपाटाला फळ्या दोन. त्या प्रूफ हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या आणि सूप पिता पिता म्हणायच्या, “आज मधलीने टोपी वाकडी घातलीय.” बाबा म्हणायचे, “तिला वारा लागला असेल,” आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कामावर जायचे. मी म्हणायचे, म्हातारा-म्हातारीची थट्टा चाललीय. एकोणिसाव्याचं प्रूफ आलं तेव्हा मेणबत्त्यांचा सण होता. त्या सणाचे तव्यावरचे घावन मी एकटीने केले होते, कारण सासूबाई चार दिवस तापाने पडून होत्या. ते प्रूफ घरात कोणी पाहिलंच नाही.

ते चार दिवस आणि तो एक डी.

मग मीच तोंड उघडलं. मूर्खासारखं म्हणा, पण मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं. “आई, डीला पोक काढता येईल की. चाकूने दांडी खरवडायची आणि टाकाने बाक द्यायचा.”

बाबा अशा वेगाने वळले की खुर्ची पडली. “बघ! सून डोक्याची आहे. सातशे कागद, आपण चौघं, उद्या संध्याकाळपर्यंत होतंय. फोरमनला कळायचंसुद्धा नाही. सिल्वें, दौत घे.”

सिल्वेंने दौत, टाक, पेन्सिलीचा चाकू आणला. त्याने एका कागदावरची दांडी खरवडली, फुंकर मारली, जीभ बाहेर काढून बाक दिला. हात चांगला आहे त्याचा. कागद त्याने आईपुढे ठेवला.

सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला. आडवा धरला, उजेडात धरला. मला वाटलं, झालं, मानल्या. बाबांनी अखेर कोटाची बटणं सोडायला घेतली.

“छान झालाय,” त्या म्हणाल्या. “छापल्यासारखा. आणि विसाव्याला कोण पोक काढणार?”

सिल्वेंने टाक खाली ठेवला.

“विसावा परवा जुळवायचाय. मग एकविसावा. मी आजारी पडले की प्रत्येक वेळी सिल्वें बसणार का चाकू घेऊन? आणि जी चूक मला दिसणार नाही ती? मला बहिणी कळतात हो. बहिणी नसलेल्या पानात मी आंधळी.”

तो शब्द निघून गेला. त्यांनाही कळलं, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

बाबा बसले. पडलेली खुर्ची उचलून तिच्यावरच बसले. “कधीपासून माहीत आहे तुला?”

“पानगळीतल्या सर्व संतांच्या सणापासून.”

“तेव्हा काय झालं?”

“दफनभूमीत तुम्ही आईंचं थडगं समजून फुलं ठेवलीत. ती शेजारच्या थडग्यावर ठेवली होतीत. कोणा पखालवाल्याच्या. मी हातमोजा विसरल्याचं सांगून परत गेले आणि हलवली.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही प्रार्थना इतकी मनापासून केली होतीत. म्हटलं, पखालवाल्याला त्यातली थोडी मिळाली तर काय बिघडलं.”

सिल्वेंला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. बाबाही हसले असते, एरवी. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. अंगठा आणि पहिलं बोट शिशाने कायमचं करडं झालेलं. “ओनोरीन, फोरमन मला जाहिरातींच्या खणावर बसवेल. ‘घोडा एक, गाडी एक, सोमवारी सकाळी लिलाव.’ मेजवानीला दाराशी बसवेल. पोरं ढकलतील, म्हातारबा, बदक संपलं.”

“बसवेल कदाचित.”

“कदाचित म्हणे! तुला काही वाटत नाही?”

“वाटतं.” त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला. “पानगळीपासून दुसरं काही वाटलं नाही मला. रोज मनात म्हणायची, उद्या सांगीन. मनातल्या मनात रोज सरकवायची मी तुम्हाला त्या खणावरून, आणि बघायची, किती दुखेल. पोक्याचं सरकवणं. तेवढ्यात खरा डी येऊन बसला तिथे.”

बाबांनी समोरचा कागद ओढला, सिल्वेंने पोक काढलेला. त्याला नाक लावून ते शोधत राहिले. शाई ओली होती, नाकाला लागली. त्यांना ती जागा सापडली की नाही, मला सांगता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, “वळण चांगलं आहे पोराचं,” आणि कागद खाली ठेवला.

“सम्राटासाठी तीनदा पान बदललं,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हा फोरमन धावत आला होता. आता आपण चालत जाऊ.”

माणसं शौर्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला टेबलाशी मांडीवर हात ठेवून बसलेल्या सासूबाई आठवतात. अर्थ कळत नसलेल्या ओळीवर अन्याय होऊ नये म्हणून ही बाई स्वतःच्या नवऱ्याशी भांडली, आणि भांडताना त्याची बाजू एकदाही सोडली नाही. मी आज त्यांच्याच वयाची आहे. मला अजून दोन्ही एकदम जमत नाही.

त्या उठल्या. माझ्या हातातून कढई घेतली, करपलेले कांदे कचऱ्यात टाकले आणि दोन नवे कांदे माझ्यापुढे ठेवले. ॲप्रनला हात पुसले. मग टेबलावरची हाडाची पट्टी, त्यांच्या आईची, मधोमध घासून कमरेसारखी बारीक झालेली, माझ्या बाजूला सरकवली. खरोखर सरकवली.

“एकोणिसावा परत जातोय. पान कापायचं, नवं छापायचं. फोरमनला हे स्वतः सांगतील, चूक का झाली ते पण सांगतील. उद्यापासून यांच्या खणाशेजारी मी बसणार. हे जुळवतील, मी बघीन. बहिणी नसलेली पानं दुसऱ्याने तपासायची. चालत नसेल तर हे जाहिराती जुळवतील आणि मेजवानीला मी घरून बदक करून नेईन. सिल्वें, सकाळी गठ्ठा तू उचल. आणि क्लोतील्द, घड्यांचं टेबल आता तुझं.”